जिनलाइनचा काटा

चंद्रभान दुसऱ्या कोणाच्या शब्दावर खांबावर चढत नसे. अकोल्याच्या त्या पॉवर हाऊसमध्ये बोर्डावर तिघे पाळीपाळीने बसत. पण तारेला हात लावायचा तर 'शून्य' हा शब्द उद्धवच्याच तोंडून यायला हवा, असा त्याचा हट्ट. उद्धवची पाळी नसली की तो फाटकाशी बिडी ओढत बसून राही. साहेब बाहेर येऊन ओरडत. चंद्रभान बसल्या जागेवरून शांतपणे सांगे, "साहेब, जीव माया हाय. कोनाच्या हाती द्याचा ते मले ठरवू द्या."

उद्धव आतून हे ऐकायचा. त्याला बरं वाटायचं. तसं तो दाखवत नसे.

उद्धव अमरावतीचा, भिक्षुकाच्या घरचा. वडील हरिहरशास्त्री अंबागेटच्या आतल्या घरांतून पूजा, मुंजी, लग्नं चालवत. थोरल्या मुलाने ते पुढे न्यायचं हे तो पाळण्यात असतानाच ठरलं होतं. त्याचा आवाज चांगला होता, उच्चार स्वच्छ होते. मुंज झाल्यावर तो वडिलांबरोबर यजमानांकडे जाऊ लागला. मग एका उन्हाळ्यात त्यांच्या घरात वीज आली. वायरमन भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकत होता आणि उद्धव दिवसभर त्याची शिडी धरून उभा होता. संध्याकाळी बटण दाबलं, दिवा लागला. घरातल्या सगळ्यांनी दिव्याला नमस्कार केला. उद्धव बटणाकडे बघत राहिला.

मॅट्रिकनंतर त्याने वायरमनची परीक्षा दिली आणि १९५३ साली अकोल्याची नोकरी धरली. शास्त्रीबुवांनी बोलणं टाकलं. बडनेऱ्याला गाडीत बसवून द्यायला मात्र आले. गाडी हलताना खिडकीशी येऊन म्हणाले, "तिथे दिवे पुष्कळ असतील. फुंकून विझवू नकोस." हे थट्टेत होतं की मनापासून, उद्धवला कळलं नाही. घरात ती शिस्तच होती. देवापुढची ज्योत फुंकायची नाही. फूल हुंगून वाहायचं नाही. तोंडची वाफ लागली की वस्तू उष्टी झाली.

पॉवर हाऊसमध्ये एंजिनघराला लागून एक खोली होती. तिच्यात काळ्या दगडाचा बोर्ड. वर गोल काचेची मीटरं, खाली स्विचं. गावात वीज नेणाऱ्या प्रत्येक लाइनचं या घटकेला काय चाललंय, ते इथे उभं राहून दिसावं, म्हणून तो बोर्ड होता. पण तो एकाने एका वेळी मांडलेला नव्हता. जिथे भोक मोकळं सापडलं तिथे मीटर बसवलेलं. स्टेशनच्या स्विचवर शहराचं मीटर. एका मीटरला तर मागून तारच नव्हती, त्याचा काटा वर्षानुवर्षं नुसता पडून होता. कोणता काटा कोणत्या लाइनचा हे फक्त सूर्यभान मिस्त्रींना ठाऊक, आणि ते म्हातारे झाले होते. ते गेले की बोर्ड मुका होणार हे साहेबांच्या ध्यानात आलं. त्यांनी तो नव्याने लावायचं काम उद्धवला सांगितलं आणि जोडीला नवा लाइनमन दिला. तो चंद्रभान.

चंद्रभान हिवरखेडचा. काळ्या मातीतलं घर, थोरला भाऊ शेती पाहायचा. बाप लहानपणीच गेला. आई मनकर्णा. अंगाने सडपातळ, खांबावर असा चढायचा की खालच्याला वाटावं, याला कोणी वरून ओढतंय. पहिल्याच दिवशी त्याने उद्धवला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "भटाचं पोट्टं इथं काहून आलं? तिकडे लाडू सरले काय?"

"तुमच्याकडची वांगी सरली का?" उद्धव म्हणाला.

त्या दिवसापासून तो 'महाराज' झाला.

एक उन्हाळाभर ते दोघे त्या बोर्डाला चिकटून होते. चंद्रभान गावात एखाद्या खांबावर चढून फ्यूज काढी. उद्धव आत उभा राहून कोणता काटा पडतो ते बघे. पडला की त्या मीटरखाली खडूने नाव लिही. बाहेरून ओरडून काही कळवायची सोय नव्हती, एंजिनांच्या धडधडीत शेजारच्याचं ऐकू येत नसे. तेव्हा चंद्रभाननेच युक्ती काढली. फ्यूज काढायचा, घालायचा, परत काढायचा. आत काटा तसाच नाचे. म्हणजे समजावं, हा मी. स्टेशनाजवळच्या खांबावरून तो असा काट्याने बोलत असे. एकदा काटा थांबेचना. वर, खाली, वर, खाली. उद्धव सायकल काढून उन्हात तडफडत गेला. चंद्रभान खांबावर पाय आवळून बसला होता. म्हणाला, "भूक लागली. कवाचा सांगून राहिलो."

पावसाळ्याच्या आत बोर्ड लागला. एका लाइनचं एक उभं घर. वर मीटर, खाली त्याच लाइनचं स्विच, मध्ये रंगवलेलं नाव. शहर, स्टेशन, जुनं गाव, जिन. नवा माणूस आला तरी त्याला कोणाला विचारायला नको.

जिनच्या घरात मात्र एक मीटर जास्त होतं. ती सूचना चंद्रभानची. गावाबाहेरच्या त्या जिनिंग फॅक्टरीकडे स्वतःचं एंजिन होतं. पॉवर हाऊसची वीज गेली की ते चालू करत. तसं करताना बाहेरच्या लाइनशी जोड तोडायची असते. तिथला फिटर ती कधीकधी विसरे. मग पॉवर हाऊसने आपलं स्विच काढलेलं असलं तरी जिनची वीज उलटी तारेत शिरे. एकदा चंद्रभानचा हात तारेपासून वीतभर असताना खालून कोणी ओरडलं म्हणून तो वाचला होता. त्याने उद्धवला सांगितलं, स्विचच्या अलीकडचं दाखवणारं मीटर काय कामाचं? पलीकडे, तारेवर एक मीटर लाव. माझ्याकडे काय येतंय ते मला कळू दे. उद्धवने मागून तार नसलेलं ते जुनं मीटर काढलं, दुरुस्त केलं आणि तिथे बसवलं. चंद्रभान त्याला 'माया काटा', म्हणजे माझा काटा, म्हणे. पुढच्या दोन वर्षांत दोनदा तो काटा स्विच काढल्यावरही वर राहिला. दोन्ही वेळा चंद्रभान चढला नाही. जिनमध्ये जाऊन फिटरच्या सात पिढ्या उद्धरून आला.

दिवाळीला घरी गेल्यावर शास्त्रीबुवांनी विचारलं, तो बोर्ड म्हणजे काय असतं? ते पुन्हा बोलू लागले होते. उद्धवने समजावलं. बोर्डात स्वतःचं काही नसतं. आपण बघतो तेव्हा तारेत जे चाललं असेल तेवढं काटा सांगतो.

"आणि कालचं विचारलं तर?"

"कालचं त्याला माहीत नसतं."

शास्त्रीबुवा हसले. म्हणाले, पोथी नसलेला पुराणिक.

सूर्यभान मिस्त्रींनी जाण्याआधी उद्धवला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. काच कोरड्या फडक्याने पुसली की काटा रुसतो. काचेत घासण्याने वीज धरते आणि ती काट्याला असेल तिथे ओढून ठेवते. उन्हाळ्यात आणि आश्विनाच्या कोरड्या हवेत फार. म्हणून पुसून झालं की काचेवर तोंडाची वाफ सोडायची, बोटाने टिचकी मारायची, मग काटा वाचायचा. आंघोळीनंतर कपाळाला गंध लावावं इतक्या सवयीने उद्धव ते करी. चंद्रभान मागे उभा राहून म्हणे, "फुकर मारली का महाराज? आता सांगा, बोर्ड काय म्हन्ते?"

१९५८ सालची खांडेनवमी. त्या दिवशी कामाची हत्यारं धुऊन-पुसून पूजेला मांडायची आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायची नाहीत. पॉवर हाऊसमध्ये पूजा दरवर्षी उद्धवच सांगे. भटाचा मुलगा नोकरीतच असताना बाहेरून कोणाला कशाला बोलवायचं. त्याने सकाळी लवकर येऊन नव्या कोऱ्या कापडाने सगळ्या काचा घासून लख्ख केल्या. जिनलाइन आदल्या दिवसापासून बंदच होती, तिचे दोन्ही काटे शून्यावर होते. बोर्डासमोर पाट मांडला. त्यावर नट फिरवायचे पाने, पकडी, चंद्रभानचा कमरेचा पट्टा आणि त्याची साखळी. चढल्यावर आधी तारांवर साखळी टाकायची, तिचं दुसरं टोक जमिनीत. चुकून वीज असलीच तर ती साखळीतून उतरते. नियम तसा होता आणि चंद्रभान तो पाळी. उद्धवने साखळीवर झेंडू वाहिले. प्रत्येक मीटरच्या काचेवर कुंकवाचं बोट लावलं. आरती झाली. साहेबांनी नारळ फोडला.

जरा उन्हं वर आल्यावर जिनमधून माणूस आला. संध्याकाळी मालक सहकुटुंब पूजेला येणार होते आणि खांबावर तारेखालची चिनी मातीची वाटी तडकली होती. लाइन चालू करायच्या आधी ती बदलायला हवी. चंद्रभान नवं धोतर नेसून आला होता. त्याने पाटाकडे बघितलं. पट्टा, साखळी, पकड, सगळं फुलांखाली. खणात एक मूठ तुटलेली पकड पडली होती, पूजेला न मांडलेली. ती त्याने कमरेला खोचली आणि नेहमीसारखा उद्धवच्या मागे येऊन उभा राहिला.

"बोर्ड काय म्हन्ते महाराज?"

उद्धव सवयीने काचेकडे वाकला. तोंड उघडलं. समोर कुंकू होतं. अजून ओलं. मंत्र म्हणून त्यानेच लावलेलं.

तो थांबला.

चंद्रभानने ते पाहिलं. हसला, आणि बोर्डाला हात जोडले. टिचकी मारायला उचललेलं बोट उद्धवने खाली घेतलं. काटा शून्यावर होता.

"शून्य," तो म्हणाला.

चंद्रभान गेला.

त्याच्या थोडं आधी जिनमध्येही पूजा आटोपली होती. हंगामाच्या आधी मुहूर्ताला एंजिन घटकाभर फिरवायचं, ही तिथली रीत. उद्धव काचेकडे वाकला त्याआधीच फिटरने ते चालू केलं होतं. जोड तोडायची राहिली होती.

खांब पॉवर हाऊसच्या कुंपणापासून फार लांब नव्हता. बाहेर कोणी ओरडलं. मग बरेच जण ओरडले. उद्धव उठला, पण दाराकडे गेला नाही. बोर्डाकडे गेला. काटा शून्यावर होता. त्याने काचेला तोंड लावून श्वास सोडला. कुंकवाचा ओघळ उतरला आणि काटा ताडकन वर गेला. वर गेला आणि तिथेच राहिला. नाचला नाही.

चौकशीला वरचे साहेब आले तेव्हा दिवाळी जवळ आली होती. दोन दिवस ढग होते, हवा दमट. बोर्डाच्या खोलीत पाच-सहा जण दाटीने उभे होते. साखळी पुढे ठेवली होती, तिच्या कड्यांत कुंकू तसंच होतं. साखळी इथे आणि माणूस खांबावर, यापुढे विचारण्यासारखं काही उरत नाही, असं त्या साहेबांचं म्हणणं पडलं. जिनच्या फिटरने शपथेवर सांगितलं की जोड तोडलेली होती. चौकशीच्या दिवसापर्यंत ती तोडलेलीच होती.

उद्धवने सगळं सांगितलं. कापड, काच, कुंकू. साखळी पूजेला मीच मांडली. काटा अडकला होता, मी फुंकर मारली नाही, मी 'शून्य' म्हणालो म्हणून तो चढला. साहेब ऐकून घेणारे होते. म्हणाले, दाखव.

त्याने कोरडं कापड घेतलं. काच घासली, हात दुखेपर्यंत घासली. पलीकडून लाइन सुरू करायला लावली. साहेब चष्मा सावरून नीट पाहायला पुढे वाकले. इतके जवळ वाकले की त्यांच्या श्वासाने काचेवर वाफ धरली. काटा सरळ वर गेला. अगदी बरोबर आकड्यावर जाऊन थांबला.

उद्धवने पुन्हा घासलं. पुन्हा काटा वर गेला. त्या दिवशी सकाळी काय झालं होतं, हे त्या खोलीत बोर्डाला कळायला हवं होतं आणि त्यालाच ते माहीत नव्हतं.

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, दोस्तासाठी स्वतःवर घेतोस, हे तुझं मोठेपण आहे. पण असं करू नये. मग कागदावर लिहिलं गेलं की लाइनमन स्वतःच्या निष्काळजीपणाने मेला. सगळे बाहेर गेल्यावर दुसऱ्या पाळीचा मोतीराम चहा घेऊन आला. तोही म्हणाला, भाऊ, तू चांगला आहेस, पण आता पुरे.

उद्धवने आपल्याला बोर्डावरून काढायची विनंती केली. पॉवर हाऊसच्या साहेबांनी मानली नाही. त्याच्याइतका जपून काम करणारा कोण होता?

हिवरखेडला चौकशीची बातमी लवकर पोचली. पोचताना वाढली. सणाचा दिवस होता, घेतली असेल थोडी, असं कोणी म्हणालं. चंद्रभानने आयुष्यात दारूला तोंड लावलं नव्हतं. मनकर्णाने विहिरीवर जाणं सोडलं. हे सगळं थोरल्या भावाने अकोल्याला येऊन पगाराचं बघताना उद्धवला सांगितलं, वर त्याचेच आभार मानले, तुम्ही त्याची बाजू घेतली म्हणून.

पुढच्या रविवारी उद्धव हिवरखेडला गेला. आधी तो तिथे कितीदा तरी गेलेला. अक्षय्यतृतीयेला त्या घरी पोटभर जेवून, अमरावतीला वडिलांना सांगायचं नाही असं ठरवून परतलेला. मनकर्णा ओसरीवर कपाशी निवडत होती. त्याला बघून तिने घोंगडी टाकली. तो बसला नाही. उभ्यानेच सांगितलं. अकोल्यात सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमाने. फक्त चंद्रभानने हात जोडले होते, ते गाळलं.

ती निवडायची थांबली नाही. कापूस एकीकडे, कचरा एकीकडे.

"म्हंजे तुया चुकीनं गेला," ती म्हणाली.

"हो."

"माया पोराची चूक नोती."

"नव्हती."

तिने सूप खाली ठेवलं. "हे तू माया दारात सांगतलं. माया दारात कोन हाय आयकाले? चाल."

पदर डोक्यावरून नीट घेऊन ती पुढे निघाली. तो मागून. मारुतीच्या पारावर दहाबारा माणसं बसली होती. ती पारापासून थोडी दूर उभी राहिली, आणि त्याला खुणेने पुढे केलं. उद्धवने तिसऱ्यांदा तेच सांगितलं. इथे कोणी चष्मा सावरला नाही. काच, कापड, फुंकर यातलं त्यांना किती कळलं कोण जाणे. पूजेतल्या वस्तूवर फुंकर घातली नाही, हे मात्र सगळ्यांना कळलं. आपणही घातली नसती हेही. पोरगा प्यायलेला नव्हता. बेफिकीर नव्हता. या माणसाने सांगितलं म्हणून चढला. खुशालराव पाटील त्यांच्यातले वडीलधारे. त्यांनी उद्धवकडे पाहिलं नाही. मनकर्णाकडे पाहून म्हणाले, "बाई, उद्यापासून विहिरीवर येत जा."

ती त्याला गाडीच्या थांब्यापर्यंत पोचवायला आली. गाडीला उशीर होता. दोघं बाभळीखाली उभी होती.

"फुकर मारली असती तं?" तिने विचारलं.

"काटा वर गेला असता."

"मंग?"

"मग मी त्याला म्हणालो असतो, चढू नकोस."

"आन् तो नसता चढला."

"नसता चढला."

लांबवर धूळ दिसू लागली. ती त्या धुळीकडे बघत होती.

"तुयं लय आयके तो," ती म्हणाली.

गाडी येऊन थांबली. तो वाकून तिच्या पायांना हात लावणार होता, तोवर ती वळून घराकडे निघालीसुद्धा होती.